विम्यात न बसणारा नारळ

खोटं मी आयुष्यात पुष्कळदा बोलले. आमटीत मीठ विसरले की "डॉक्टरांनी कमी खायला सांगितलंय" म्हणायचं, ही त्यातली हलकी प्रत. पण शिक्क्याचा कागद हातात धरून, इंग्रजीतून, ठसक्यात खोटं बोलले ते एकदाच. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. नाकात नवी नथ होती आणि डोक्यातल्या अकलेपेक्षा तिचंच वजन जास्त भरलं असतं.

लग्न होऊन मी नगरहून कोल्हारला आले ती एकाहत्तर साली. मनमाड रस्त्याला लागून दोन खोल्यांचं घर, पुढं ओटा. सासूबाई थोरल्या दिरांकडं शेतावर राहायच्या. ह्यांचं इंजिनांचं आणि पाण्याच्या पंपांचं दुकान होतं. सगळा बागाईत भाग, त्यामुळं रोज कुणाचा ना कुणाचा पंप रुसलेला असायचा, आणि त्याची समजूत घालायला हे सकाळीच जायचे ते दिवेलागणीला परत. दिवसभर घरात मी आणि रस्त्यावरून जाणाऱ्या यष्ट्या. कुठली गाडी शिर्डीची, कुठली नगरची, हे मला आत बसून नुसत्या आवाजावरून ओळखू यायला लागलं होतं. मॅट्रिकला वर्गात इंग्रजीत पहिली आलेली पोर, आणि ही तिची विद्या!

दुपारी शेजारची म्हातारी यायची. तिला सगळं गाव मावशी म्हणायचं. विधवा, कमरेत वाकलेली, हिरड्यांवरून मिश्री फिरवत ओट्यावर बसायची आणि आतल्या मला हाक घालायची, "नगरवाले, च्या टाक!" विचारणं नाही, विनंती नाही. मला तिचा राग यायचा. कपबशी तिच्यापुढं ठेवताना मी मुद्दाम आवाज करायचे. ती फुंकून चहा प्यायची आणि म्हणायची, "कप फोडू नगंस बाई, मला बशी पुरती." मग तासभर कुणाच्या म्हशीनं किती दूध दिलं ते सांगायची. मी हं हं करत यष्ट्या मोजायचे.

पुढच्या वर्षी ह्यांनी गाडी घेतली. नगरच्या एका व्यापाऱ्यानं वापरून सोडलेली, काळी, एक दार आतूनच उघडणारी. गावात तेव्हा मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. गाडी आणली त्या दिवशी हे म्हणाले, "दर रविवारी आपण दोघंच फिरायला जायचं. पहिल्यांदा नेवाशाला." मी त्या एका वाक्यावर आठवडा काढला. दोघंच. लग्नाला वर्ष झालं तरी ह्यांच्याशी मी सलग तासभर बोलले नव्हते.

पण गावात गाडी आली की ती एका घराची राहत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रविवार उजाडला की ओट्याखाली माणूस उभा. लेक सासरी निघालीय, बाळंतिणीला आणायचंय, बापाला राहुरीच्या डॉक्टरला दाखवायचंय. ह्यांना नाही म्हणता यायचं नाही. खरं म्हणजे ह्यांना नाही म्हणायचंच नसायचं. नवरीच्या गाडीचं स्टेअरिंग धरलं की ह्यांची मान अशी ताठ व्हायची, जणू नवरी ह्यांच्याच घरची! संध्याकाळी गाडी परत यायची ती बॉनेटवर कुंकवाची बोटं आणि सीटवर एक नारळ घेऊन. पैसे कुणी द्यायचं नाही, कुणी घ्यायचं नाही. नारळ मात्र चुकायचा नाही. बायका येऊन आधी गाडीला कुंकू लावायच्या, मग मला. मी दुसऱ्या नंबरवर.

फडताळात नारळ साठत गेले, त्यातले दोन मावशीचे. नेवासा काही बघायला मिळालं नाही. मी नारळाच्या वड्या करायचे आणि एकटीच खायचे. त्या वर्षी मी अशी फुगले की लोकांना वाटलं दिवस गेलेत.

मग विम्याचं वर्ष भरत आलं आणि नगरहून एजंट आला. काखेत कातडी बॅग, गळ्याला रुमाल, उन्हानं लाल झालेला. हे बेलापूरकडं कुणाच्या विहिरीवर गेलेले. मी पाणी दिलं. ओट्यावर मावशी होतीच.

"वहिनी, साहेब नाहीत तर तुम्हीच सांगा. गाडीला वर्षभरात काही झालं? ठोकर, अपघात?"

"काही नाही. एकदा बैल घासून गेला."

"बैलाला काही झालं?"

"बैल मजेत आहे."

तो हसला आणि त्यानं कागद पसरले. मला कळतंय असं दिसल्यावर त्याला हुरूप आला. हप्ता कसा ठरतो ते त्यानं सगळं समजावलं. इंजिन केवढं, गाडी किती जुनी, आज विकली तर काय येईल, आणि मुख्य म्हणजे ती कशासाठी वापरता. घरच्या वापराची असेल तर दर वेगळा, भाड्यानं फिरवली तर चढा. एक भाग सक्तीचा, तो आपल्या गाडीखाली येईल त्या परक्या माणसासाठी. आपल्या स्वतःच्या गाडीसाठीचा भाग मर्जीवर.

"म्हणजे परक्याची काळजी सरकार करायला लावतं, आणि आपली आपण केली तर केली?" मी विचारलं.

"बरोबर पकडलंत, वहिनी."

मी मोठ्या डौलात जुनी पॉलिसी काढून आणली. ती मी डिक्शनरी घेऊन वाचलेली होती. दुसरं कामच काय होतं? त्यात एक वाक्य होतं, गाडी 'हायर ऑर रिवॉर्ड'साठी वापरली तर विमा लागू नाही. हायर म्हणजे भाडं, रिवॉर्ड म्हणजे बक्षीस. मी आवाज खाली आणून विचारलं, "आम्हाला लोक नारळ देतात. ते बक्षीस धरतात का?"

एजंटला हसताना ठसका लागला. "वहिनी, नारळ म्हणजे भाडं नव्हे! ठरवून पैसे घेतले तर ती टॅक्सी. शेजारधर्मानं कुणाला सोडलं, त्यानं खुशीनं नारळ ठेवला, त्याला विमा कशाला आडवा येईल? खुशाल न्या."

मावशी मिश्री लावत दुसरीकडं बघत होती. मला वाटलं, हिला काय कळतंय.

एजंट गेला. मी ते "खुशाल न्या" घडी करून मनाच्या तळाला ठेवून दिलं, वरून नारळाच्या करवंट्या रचल्या.

पुढच्याच रविवारी एक जण आला. सुनेला माहेराहून आणायचं होतं. हे आत अंघोळीला. मी पॉलिसी घेऊन ओट्यावर आले आणि ते वाक्य इंग्रजीतून वाचून दाखवलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, इन्स्पेक्टरपुढं वर्गात वाचावं तसं. मग मराठीत अर्थ सांगितला, तो माझ्या पदरचा: दुसऱ्याचं माणूस गाडीत बसवलं की विमा रद्द, पोलीस केस, वर हप्ता दुप्पट. नारळ घेतला तर तो पुरावा.

"आरं बापरं," तो म्हणाला. "नारळाचा बी गुन्हा? मग न्हाई बाई. तुमास्नी तरास नगं." आणि हात जोडून गेला. शिक्क्याच्या कागदाला गावात केवढा मान! मला वाटलं होतं थोडी हुज्जत होईल, मी आणखी दोन वाक्यं पाठ करून ठेवली होती. ती वाया गेली.

ह्यांनाही तेच सांगितलं. ह्यांचं इंग्रजी पंपावरच्या पाट्यांपुरतं. "असं आहे होय?" म्हणाले आणि टॉवेलनं डोकं पुसत बराच वेळ गाडीकडं बघत राहिले.

आम्ही नेवाशाला गेलो. दोघंच. जाताना हे म्हणाले, "ही डावीकडची विहीर पाटलांची, हिच्यावर पाच हॉर्सपॉवरचं इंजिन आहे." येताना ती विहीर उजवीकडं आली, एवढाच फरक. मी आठवडाभर काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलेलं, त्यातलं काहीच कुठं बसेना. दुसऱ्या रविवारी ह्यांनी गाडी धुतली. तिसऱ्या रविवारी झोपले. चौथ्या रविवारी म्हणाले, "नुसतं बसण्यापेक्षा दुकान उघडतो." आता माझ्याकडं रविवारसुद्धा उरला नाही. गाडी दारात, मी ओट्यावर, दोघी चकचकीत.

आणि मावशी यायची थांबली.

पहिले दोन दिवस मला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी चहाचं आधण ठेवलं आणि मग लक्षात आलं की कुणी मागितलेला नाही. तिच्या ओट्यावर ती दिसायची, बाजरी पाखडत. हाक मारली तर "काम हाय गं" म्हणायची. शेवटी तिच्या सुनेला नळावर गाठून विचारलं, मावशी रागावल्यात का? सुनेनं हंडा खाली ठेवला.

"राग कशाचा? त्या म्हनत्यात, जे आपला नारळ घेत न्हाईत, त्यांचा च्या कोन्या तोंडानं प्यायचा?"

हे गणित मला डिक्शनरीत सापडलं नसतं. ती रोज दरडावून चहा मागायची ती शेजाराच्या हक्कानं, आणि त्या हक्काचे दोन नारळ माझ्या फडताळात होते. मी नारळ बंद केला आणि तिचा हुकूम बंद झाला. त्या उन्हाळ्यात माझ्याशी माणूस म्हणून बोललेलं कोण, तर यष्टीचा कंडक्टर, तोही "पुढं सरका" एवढंच.

वैशाखात मावशीच्या नातीचं लग्न निघालं. लहानपणापासून त्या पोरीला मावशीनंच वाढवलेलं. मला मनातून खात्री होती, नातीसाठी तरी ती येईल. आली की मी काय म्हणायचं तेही ठरवलं: नियम बदलला म्हणायचं. बघा, खोटं मोडायलासुद्धा मला दुसरं खोटंच सुचलं. लग्नाच्या सकाळी मी स्वतः गाडी पुसली, आतल्या सीटवर धुतलेली चादर घातली. ह्यांनी दुकान उघडलं नाही. दाढी करून, किल्ली खिशात टाकून, काही काम नसताना ओट्यावर येरझाऱ्या घालत राहिले.

लग्नाला आम्ही गेलो, अक्षता टाकल्या, जेवलो. मावशीनं स्वतः माझ्या पानात बुंदी वाढली. गाडीचं अवाक्षर नाही. दुपारी आम्ही घरी येऊन दारात उभे राहिलो. नवरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेली. चारी कोपऱ्यांना आंब्याचे डहाळे, मधे सतरंजी, आणि डोक्यावर ऊन. आमच्या दारावरून, आमच्या पुसलेल्या गाडीला जवळजवळ घासून ट्रॉली गेली. मागं मावशी चालत होती, रस्त्यापर्यंत पोचवायला. तिनं आमच्याकडं बघून हात केला.

"विचारलं असतं तर विमा बुडला तरी चाललं असतं मला," हे म्हणाले आणि आत जाऊन झोपले.

मी फडताळातला नारळ घेतला आणि मावशीच्या ओट्यावर गेले. ती एकटीच बसली होती, रिकामं सूप मांडीवर घेऊन. नारळ तिच्यापुढं ठेवला. नियम बदललाय असं म्हणायला तोंड उघडलं, आणि निघालं भलतंच.

"मावशी, तो कागद तसा नव्हता. मी खोटं बोलले."

"ठावं हाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"अगं, तो एजंट बोलला तवा मी तितंच हुते की. दात पडल्यात माझे, कान न्हाई पडलं. आन माझ्या भाच्याची भाड्याची जीप हाय, मला इमा ठावं न्हाई व्हय?"

"मग तेव्हाच का नाही बोललात? चारचौघांत मला खोटं पाडायचंत की!"

"कशाला? तुला तुजा दादला पायजे हुता आठवड्यातनं एक दीस. त्यात काय वंगाळ?" तिनं सूप बाजूला ठेवलं. "गावला म्या काय सांगायची न्हाई. तूच सांग. आन आता गाडी घिऊन काय करू? पोर गेली माजी."

मग ती रडली. मीही रडले, पण माझं रडणं माझ्यासाठी होतं, हे मला आज कळतं. तेव्हा वाटलं होतं, काय ही माझी माया! थोड्या वेळानं तिनं दगडावर नारळ फोडला आणि मोठं शकल मला दिलं.

ह्यांना मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. न्याहारी झाल्यावर ह्यांनी पॉलिसी मागून घेतली आणि दुकानाच्या कपाटात नेऊन ठेवली. ओट्याखाली येईल त्याला मी स्वतः सांगायचे, माझी वाचण्यात चूक झाली म्हणून. एवढं अर्धं खोटं मी ठेवलंच. रविवारी गाडी पुन्हा जायला लागली, बॉनेटवर कुंकू यायला लागलं, आणि मी पुन्हा ओट्यावर. पुढच्या वर्षी एजंट आला, कागद बघून म्हणाला, "वहिनी, गेल्या वर्षात काहीच झालं नाही. हप्त्यात सूट बसते तुम्हाला." मी म्हटलं, द्या.

मावशीही यायला लागली. तीच जागा, तीच मिश्री, त्याच म्हशी. पण त्यानंतर ती गेली तोवर पाच वर्षांत तिनं एकदाही चहा मागितला नाही. मी विचारायचे, "मावशी, टाकू?" आणि ती म्हणायची, "टाक, तुला घ्यायचा आसंल तर."

आता माझं वय तिच्याहून पुढं गेलंय. घरात नातसुना आहेत, फार सभ्य. "आजी, चहा घेणार का?" असं विचारतात. मी हो म्हणते. दुपारी ओट्यावर खुर्ची टाकून बसते. रस्त्यावरून मोटारी जातात, इतक्या की आवाजावरून एकही ओळखू येत नाही. आतून कपबशी आपटल्याचा आवाज येतो का म्हणून कान टवकारते. आमच्याकडं कुणी कपबशी आपटतही नाही.