करडईचे काटे

पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला की मला नायगावच्या वाटेवरची ती सकाळ आठवते. बायको माहेरी गेली होती, फोन उचलत नव्हती आणि मला घरात पाच मिनिटं बसवत नव्हतं. म्हणून रोज पहाटे सायकल काढायची आणि सपाट रस्त्यावर पाय भरून येईपर्यंत दामटायची. त्या दिवशी एका बाईनं अर्ध्या रस्त्यावर करडई पसरली होती, गाड्यांच्या चाकांखाली मळून निघावी म्हणून. मी सरळ वरून गेलो. ती ओरडली, "भाऊ, आता दव हाय म्हणून काटा नरम हाय, येताना उतरून जा!" मी लक्ष दिलं नाही. परतलो तेव्हा ऊन चढलं होतं, आणि तिच्यासमोरच दोन्ही चाकं बसली. तिनं हसत घमेल्यात पाणी आणून दिलं. भोकं शोधून ठिगळं लावली, पण सोल्युशन सुकेपर्यंत थांबवेना, म्हणून तिची काठी उचलून करडई बडवत सुटलो. "बास करा," शेवटी ती म्हणाली, "दाना कवाच झडला. कोनाचा राग काढून राहिले?" घरच्यांनाही सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं, "बायकोवर हात उचलला. एकदाच." तिचं हसू गेलं. तिनं माझ्या हातातली काठी काढून घेतली आणि स्वतःच्या पाठीमागे ठेवली. पुढे बायको परत आली. पण अजूनही तो वास आला की हात कुठे ठेवावेत, ते मला कळत नाही.