सुपारीसमोरची कोरी चिठ्ठी

आमच्या बास्केटबॉल संघाला जनरल मॅनेजर निवडायचा होता आणि निवडणारे आम्ही तिघं होतो. संघाचे मालक, ज्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. खेळाडूंचे गुडघे-घोटे सांभाळणाऱ्या फिजिओबाई. आणि मी, कोच. संघ यंदाच व्यावसायिक लीगमध्ये उतरला. त्याआधीचा सगळा कारभार माझा एक जुना मित्र बघायचा. गेल्या हिवाळ्यात तो वारला. ऑफिसातली त्याची खुर्ची मात्र कोणी हलवली नव्हती.

जनरल मॅनेजर म्हणजे काय, हे मला लीगवाल्यांनी समजावलं. कोच खेळवतो, कोणी खेळायचं ते जनरल मॅनेजर ठरवतो. कोच कोण, हेही तोच. थोडक्यात, माझा साहेब मीच निवडायचा होता.

शेवटी दोघंजण उरले. पहिला पुण्याचा. त्यानं आमच्या सगळ्या मॅचेस बघितल्या होत्या. माझ्या तोंडावर म्हणाला, "सर, तुमची पद्धत जुनी झाली. मी आलो तर कोच बदलावा लागेल." मला त्याचा भयंकर राग आला, कारण तो खरं बोलत होता. दुसरा माळशिरसचा, माझाच जुना कप्तान. आल्या आल्या पाया पडला. "सर, तुमी हाय म्हणून मी हाय," म्हणाला. काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर एकच, "सर सांगतील तसं." माणूस कामाचा नाही हे दिसत होतं, पण ऐकायला गोड वाटलं. या कोर्टावर माझं अर्धं आयुष्य गेलंय. हे सुटलं तर सकाळी उठून जायचं कुठं, हे मला ठाऊक नव्हतं.

मतं द्यायला बसलो तेव्हा भर दुपारचे बारा वाजले होते. सोलापूरचा मे महिना. वीज गेलेली, पंखा थांबलेला, बाहेर चिटपाखरू नाही. तरी कोर्टावर एकदोनदा चेंडूचा टप्पा पडल्यासारखा आवाज आला. फिजिओबाई उठून खिडकीशी गेल्या. "कुणी न्हाय तितं," म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

लिहायच्या आधी मालक थबकले. "तिघांनी बसून चांगलं काम करू नये की, सर. तीन तिघाडा, काम बिघाडा." घरात तेलुगू बोलणारा माणूस, पण असलं सगळं आमच्यापेक्षा कडक पाळतो. त्यांनी पानाच्या डब्यातून सुपारी काढली आणि माझ्या मित्राच्या खुर्चीसमोर टेबलावर ठेवली. "हे चौथे. आता झालं."

मी वहीचा कागद फाडून चार तुकडे केले. तीन आम्ही घेतले. चौथा कोराच सुपारीसमोर ठेवला. गंमत म्हणून ठेवला होता, पण कोणी हसलं नाही.

चिठ्ठीवर 'पहिला' किंवा 'दुसरा' एवढंच लिहायचं होतं. मी वहीआड हात धरून 'दुसरा' लिहिलं. चोराच्या मनात चांदणं, तसं माझं चाललं होतं. घडी घालताना सारखं त्या खुर्चीकडे लक्ष जात होतं. समोर कोणी गप्प बसून बघतंय असं वाटून मला अवघडल्यासारखं झालं. मग चिठ्ठ्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. मालकांनी डबा हलवला आणि टेबलावर पालथा केला.

चिठ्ठ्या चार निघाल्या.

सुपारी जागच्या जागी होती. तिच्यासमोरचा कागद नव्हता. मालक एकेक उलगडत गेले. पहिला. दुसरा. दुसरा. शेवटची उलगडायला त्यांनी वेळ लावला. पहिला.

"मी एकच टाकली, देवाशपथ," फिजिओबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. एवढ्या उकाड्यात माझ्या मानेला गार लागलं. हा तोच, असं मनात आलं, आणि त्याचाही राग आला. गेलास तरी मला बाहेर काढायला आलास का रे?

मालकांनी चष्मा चढवला, चिठ्ठ्या ओळीनं मांडल्या आणि त्यातल्या दोन माझ्याकडे सरकवल्या. एक 'दुसरा', एक 'पहिला'. दोन्हींवर अक्षरांच्या डोक्यावरची रेघ शेवटाला खाली वाकलेली. मी तशीच ओढतो. फळ्यावर डावपेच लिहून लिहून ते सगळ्या संघाला पाठ झालंय.

"सर," ते हळूच म्हणाले, "ह्या दोन्ही तुमच्याच की."

'पहिला'ची चिठ्ठी लिहिल्याचं मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. माझा हात टेबलापलीकडे कधी गेला, कधी परत आला, ते त्या दोघांनी पाहिलं नाही आणि मीही नाही. इतका वेळ मी रिकाम्या खुर्चीला भीत होतो. आता स्वतःच्या हाताकडे बघवेना.

"यातलं तुमचं मत कुठलं धरू?" मालकांनी विचारलं.

मी 'पहिला'वर बोट ठेवलं. ते जरासुद्धा थरथरलं नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.