टीव्हीची मागची बाजू

सावेडीच्या दुकानात टीव्ही घ्यायला आलेली माणसं टीव्हीसमोर उभी राहतात. पुष्पावती मागे जाऊन उभी राहिली. तिचे वडील बैल घेताना आधी दात बघायचे आणि मग रंग. लेक दुसरं काय करणार?

"मावशी, चित्र पुढून दिसतं," सेल्समन म्हणाला.

"चित्र समद्यांचं चांगलंच हाय. मागं इअरफोन लावला की टीव्हीचा आवाज बंद पडतो का, तेवढं दाखव."

हे विचारण्याचं कारण चार पावलांवर उभं होतं. नवरा भागवत. नागापूरच्या कारखान्यात तीस वर्षं प्रेस मशीनवर काढली आणि कान तिथंच ठेवून आला. पण कबूल करेल तो भागवत कसला? "मी काय बहिरा हाय व्हय?" म्हणायचा, आणि डॉक्टरचं नाव काढलं की दोन दिवस अबोला. हळूहळू घरात सगळे टीव्हीपुढे जमले की हा बाहेर ओट्यावर जाऊन बसू लागला. पुष्पावतीला ते बघवत नव्हतं. तिला आपला माणूस घरात परत हवा होता.

कधीतरी हा कानाला यंत्र लावेल, याची तिला खात्री होती. पण शेजारच्या लंकाबाईकडे तिनं पाहिलं होतं. तिच्या म्हाताऱ्यानं कानातल्या यंत्राला आवाज पोचवणारी डबी टीव्हीच्या इअरफोनच्या भोकात जोडली की घरासाठी आवाज बंद. एकासाठी दहाजण किती दिवस मुकं चित्र बघणार? महिन्याभरात डबी कपाटात गेली.

सेल्समननं चार टीव्हींना इअरफोन लावून दाखवला. चारही गप्प झाले. पाचवा दोन्हीकडून बोलत राहिला. पुष्पावतीनं त्यावरच बोट ठेवलं.

"आई, एवढ्या पैशात पंचावन्न इंची येतोय की," मुलगा कल्याण कुरकुरला.

"तू आजचं बघतोस. पुढचं मला बघू दे."

दोन वर्षं पाहुण्यांनी नाकं मुरडली, भिंत केवढी अन् टीव्ही केवढा. तिनं ते कानाआड केलं. मग एके दिवशी नातीनं फाटकातून तीनदा हाक मारली, भागवतनं वळून पाहिलं नाही, आणि आजोबा रुसले समजून पोर रडत बसली. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच चप्पल घालून म्हणाला, "चल, कुठला डॉक्टर म्हणत हुतीस?"

यंत्र आलं. कल्याणनं डबी टीव्हीला जोडली. भागवतच्या कानात आवाज गेला, आणि घरातलाही चालूच राहिला. कल्याण आईकडे बघतच राहिला. पुष्पावतीची मान ताठ होती.

मालिका सुरू झाली. सवयीनं ती नवऱ्याला मोठ्यानं सांगायला लागली, "त्याची बहीण उद्या येनार म्हनती."

"उद्या न्हाई, परवा," भागवत खुर्चीतून म्हणाला. "नीट ऐकत जा की जरा."

उभ्या जन्मात पुष्पावतीनं नवऱ्याला वादात जिंकू दिलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिनं पदरानं डोळे पुसले आणि ती म्हणाली, "व्हय, परवाच म्हनली ती."