मॅक्रोफेजची पंगत

मायक्रोबायोलॉजी शिकवणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. झाकण जरा उघडं राहिलं की ते आपोआप वाढतात. नांदेडच्या आमच्या कॉलेजात एका प्रॅक्टिकलनेच इतके किस्से दिलेत की मी सांगायला बसलो की मित्रांचा चहा गार होतो.

प्रॅक्टिकल साधं आहे. बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि अंगाइतक्या उबेत इनक्युबेटरमध्ये ठेवायचा. मग काच धुतली की लाल पेशी वाहून जातात आणि काही पांढऱ्या पेशी चिकटून राहतात. त्यांत मोनोसाइट असतात. त्या रक्तातून निघून फुफ्फुसात, यकृतात मुक्कामाला गेल्या की त्यांचे मॅक्रोफेज होतात, म्हणजे शरीरातले अव्वल खादाड. जंतू दिसला की गिळला, मेलेली पेशी दिसली की तीही साफ! आम्ही त्यांना जंतूंऐवजी यीस्ट वाढतो आणि मायक्रोस्कोपमधून जेवण बघत बसतो.

यीस्ट आणायचं काम आमचे लॅब असिस्टंट गफारभाई यांचं. पहिल्यांदा गेले तेव्हा बेकरीवाल्याने सहज विचारलं, केक केवढा करताय? गफारभाई शांतपणे म्हणाले, "केक नै भाई, खून कू खिलाना है."

तेव्हापासून बेकरीवाला पुडी आधीच बांधून ठेवतो आणि गफारभाईंच्या नजरेला नजर देत नाही.

*

एका सोमवारी कुणाच्याच पेशी जेवेनात. शेजारी यीस्टचा ढीग, आणि पेशी आपल्या ढिम्म. आमच्या विभागप्रमुख कांबळे मॅडमनी वर्गाला धारेवर धरलं. हात नीट धुतले नसतील, काच घाण असेल, लक्ष मोबाइलमध्ये असेल, सगळं झालं.

मुदखेडहून रेल्वेने येणारा संतोष उठून उभा राहिला. चेहरा अगदी गंभीर. "मॅडम, आज सोमवार हाय. माझा उपास हाय."

अर्ध्या वर्गाने माना डोलावल्या! मागून ज्योती म्हणाली की तिने तर सकाळीच दोन भाकरी खाल्ल्यात, मग तिच्या पेशी का रुसल्या? तेवढ्यात मॅडमना एकदम काहीतरी आठवलं. त्या उठल्या, इनक्युबेटर उघडला आणि खालच्या कप्प्यातून स्टीलचा डबा काढला. थंडीत घरी दही लागत नाही म्हणून त्यांनी सकाळी विरजण लावलं होतं आणि दह्यासाठी तापमान चांगलंच वाढवलं होतं. पेशी बिचाऱ्या उकडून मेल्या होत्या.

दही मात्र फर्मास लागलं होतं. पण त्या इनक्युबेटरमध्ये एरवी काय काय ठेवतो हे आम्हाला माहीत असल्याने कुणी बोटसुद्धा लावलं नाही. शेवटी ते शेजारच्या मराठी विभागात गेलं. तिथे फार नावाजलं गेलं.

*

ही ज्योती रेणापूरची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, इथे होस्टेलवर राहायची. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी तिला विचारलं, मॅक्रोफेज गिळतो ते ठीक, पण पुढे काय करतो? उत्तर असं की गिळलेल्या जंतूचा तुकडा तो अंगावर मिरवतो आणि तो बघून बाकीच्या पेशी लढायला उठतात. हे पुस्तकात दोन पानं चालतं.

ज्योती म्हणाली, "सर, लग्नात मामा पहिल्या पंगतीला बसतो. मग हातात लाडू घेऊन बाहेर येतो अन् समद्यांना दाखवतो, आत काय हाय ते. लाडू बघितल्याबिगर बाकीचे हालत न्हाईत."

सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. असा मामा खरंच आहे का, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "हाय ना सर. त्यानंच माझ्यासाठी स्थळ आणलंय."

हसणं तिथेच थांबलं. तिला एम.एस्सी. करायची होती आणि घरचे म्हणत होते, बास झालं. मला फार वाईट वाटलं.

*

निकाल लागला, ज्योती कॉलेजात पहिली आली, आणि तिचे वडील, अण्णा, तिला न्यायलाच आले. संध्याकाळी पाहुणे बघायला येणार होते. मॅडमनी अण्णांना खुर्ची दिली, चहा दिला, स्कॉलरशिप सांगितली, मार्क सांगितले. अण्णा प्रत्येक वाक्याला "हाव मॅडम, हुशार हाय" म्हणायचे आणि घड्याळाकडे बघायचे. ज्योतीची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती.

ती एकदम म्हणाली, "अण्णा, बोट द्या."

मुलीने मागितलं म्हणून त्यांनी बोट पुढे केलं. तिने टोचलं, थेंब घेतला, काच इनक्युबेटरमध्ये ठेवली. बस चुकेल म्हणून अण्णा उठत होते आणि गफारभाई त्यांना पुन्हा बसवत होते. अखेर तिने काच धुतली, यीस्ट घातलं आणि त्यांना मायक्रोस्कोपपाशी नेलं. पहिल्यांदा सगळ्यांना दिसतात तशा त्यांनाही स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग ज्योतीने फोकस लावून दिला.

अण्णांनी पुन्हा डोळा लावला. एक पेशी हळूहळू यीस्टच्या कणाभोवती हात पसरत होती.

"ही माझ्यातली हाय?"

"तुमच्यातलीच, अण्णा."

"हिला खायला कुणी शिकवलं?"

"कुणीच न्हाई. तिला कळतंय."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मामा इतक्या मोठ्याने बोलत होता की आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं. पाहुणे निघालेत, तुम्ही कुठवर आलात, गाडीत बसलात का?

अण्णांनी डोळा तिथेच ठेवून उत्तर दिलं.

"त्यास्नी म्हणावं, येऊ नका. हितं माझं रगत जेवून राह्यलंय. आमच्यात जेवत्याला उठवत न्हाईत."