दुसरी शिट्टी

इथले भुताखेतांचे अनुभव मी जेवणानंतर टाइमपास म्हणून वाचतो आणि खरं सांगायचं तर हसतो. मॅचच्या आधी कुणीतरी आमच्या गोलपोस्टच्या बुडाशी ठेवलेलं लिंबू उचलून त्याचं सरबत पोरांना पाजणारा माणूस आहे मी. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटून राहिली... पण बायको म्हणाली, लिहून टाका एकदाचं, निदान झोप तरी लागेल.

मी फुटबॉल कोच. नांदेडहून भोकरकडे जाताना एक बंद पडलेली कापसाची जिनिंग मिल आहे, तिच्या मागच्या मैदानावर माझी अकॅडमी चालते. बत्तीस पोरं, बारा ते सोळा वयाची, बहुतेक भोकर-उमरीकडच्या शेतकऱ्यांची, शिकायला नांदेडात ठेवलेली. पोरांना किक मारायला शिकवणं सोपं आहे हो, वळण लावताना जीव जातो. म्हणून पहिल्या दिवसापासून माझा एक नियम. पहिली शिट्टी वाजली की असाल तिथे पुतळा. पाय हवेत असेल तर हवेत. दुसरी शिट्टी वाजली की सुटका. मधल्या वेळात मी फिरून दाखवायचो, कोण कुठे उभा आहे, कुणाची जागा रिकामी पडली. त्यातून खेळ कळतो, आणि मनाला लगामही बसतो. दुसरा नियम – काहीही झालं तरी खरं सांगायचं. खरं सांगणाऱ्याला माझ्याकडे शिक्षा नाही, हे मीच रोज ओरडून सांगायचो.

हा दुसरा नियम अंगी लागलेलं एकच पोरगं होतं, बालाजी. उमरीच्या बाजूचा, पंधरा वर्षांचा, उजव्या विंगला खेळायचा. बॉल हाताला लागला आणि रेफ्रीला दिसला नाही, तर हा स्वतःच हात वर करणार. पोरं चिडायची त्याच्यावर. मला मात्र त्याचा फार अभिमान होता.

मागच्या दिवाळीनंतर लातूरला एक मैत्रीपूर्ण मॅच होती. सेकंड हाफ, एक-एक अशी बरोबरी, बॉल बालाजीच्या पायात, समोर फक्त गोलकीपर. आणि आमची अकराच्या अकरा पोरं जागच्या जागी थांबली. पुतळे! समोरची टीम क्षणभर गांगरली, मग त्यांनी आरामात बॉल नेला आणि आमच्यावर गोल मारला. रेफ्रीने शिट्टी मारली नव्हती. माझी माझ्या खिशात होती. माझ्या शेजारी बसलेलं बदली पोरगंसुद्धा बाटली तोंडाशी धरून तसंच बसलं होतं, पण त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

मॅचनंतर सगळ्यांना उभं केलं. बालाजी पुढे आला. "शिट्टी वाजली सर. तुमचीच." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी रेफ्रीला विचारलं, त्यांच्या कोचला विचारलं, कुणीच काही ऐकलं नव्हतं. मला वाटलं, हरल्यावर बहाणे चाललेत. परत आल्यावर सगळ्यांना पळवलं.

पंधरा दिवसांनी प्रॅक्टिसमध्ये पुन्हा तेच. भर उन्हात बत्तीस पुतळे, आणि शिट्टी माझ्या गळ्यात नुसती लोंबतेय. या वेळी पोरं शहाणी झाली होती. म्हणाली, न्हाई ऐकली सर, चुकून थांबलो. बालाजी तेवढा हटेना. वाजली म्हणाला, खोटं कशाला बोलू? माझं डोकं फिरलं. खरं सांगणाऱ्याला शिक्षा नाही म्हणणाऱ्या मी त्याला दहा राउंड जास्तीचे मारायला लावले. वर सगळ्यांसमोर नवीन नियम काढला – यापुढे शिट्टी ऐकू आली तरी आधी माझ्या तोंडाकडे बघायचं. तोंडात शिट्टी दिसली तरच थांबायचं.

आता मार्चमधल्या त्या दिवसाचं सांगतो. आमचे गोलपोस्ट लोखंडी, हलवता येणारे. मागच्या दांडीवर वाळूची पोती ठेवली की पक्के बसतात. त्या दिवशी पोरांच्या पायात ताकद यावी म्हणून मीच ती पोती काढून त्यांना खांद्यावर घेऊन पळायला लावलं होतं. नंतर परत ठेवायची राहिली. चूक माझी. ती मी कुठल्याही भुतावर ढकलत नाही.

दुपारचे साडेचार असतील. मी एका पालकाशी फोनवर बोलत होतो. बॉल गोलकडे घरंगळत चालला होता आणि बालाजी त्याच्यामागे पळत होता. तेवढ्यात सगळी पोरं थांबली. नवा नियम विसरून, सवयीने. बालाजीसुद्धा हळू झाला. पळता पळता त्याने मान वळवून माझ्या तोंडाकडे बघितलं. मी ते बघितलं हो, आमची नजरानजर झाली. माझ्या तोंडात शिट्टी नव्हती. तो पुन्हा पळाला, आणि त्याच वेळी जिनिंगच्या बाजूने वावटळ आली. गोलपोस्ट पुढे कलंडला आणि वरची दांडी त्याच्या कमरेवर आली.

खुब्याचं हाड. दोन ऑपरेशनं झाली. डॉक्टर म्हणाले, पोरगं चालेल, पण फुटबॉल विसरा. त्याच्या वडिलांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. वॉर्डात मी त्याच्या उशाशी बसलो, तर तो अगदी हळू बोलला.

"ऐकली होती सर. पण तुमच्या तोंडात न्हाई दिसली, म्हणून पळालो."

मी बाहेर येऊन दवाखान्याच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या मध्ये उभा राहून रडलो. चाळिशी उलटलेला माणूस, हमसून हमसून.

मग मी गोलपोस्ट सिमेंटमध्ये पक्के गाडले. तिकडे कुणी शिट्टी वाजवतं का म्हणून जिनिंगच्या वॉचमनला विचारलं, जवळच्या शाळेत जाऊन आलो, पोरांना एकेकटं घेऊन विचारलं. सगळे तेच सांगत होते, तुमचीच शिट्टी सर, अगदी कानाजवळ. मी मात्र ती एकदाही ऐकलेली नाही. आजपर्यंत नाही.

आता जूनमधलं. लातूरला निवड चाचणी होती. निवड झाली की हॉस्टेल, शिक्षण, सगळं फुकट. पोरं वर्षभर त्याच दिवसासाठी राबली होती. सकाळी सातला बस मैदानाच्या फाटकाशी लागली. पोरं बॅगा घेऊन निघाली आणि अर्ध्या वाटेत थांबली. एकाचा पाय बसच्या पायरीवर, दुसरा जमिनीवर. ड्रायव्हर जब्बारभाई हॉर्न देऊ लागले. पोरं माझ्याकडे बघतही नव्हती. नुसती उभी. मूठ आवळली तेव्हा कळलं की शिट्टी मुठीतच आहे.

एवढ्यात फोन वाजला. बालाजी. तो गावी होता, उमरीकडे. आज चाचणी आहे हे त्याला वाईट वाटू नये म्हणून कुणी सांगितलंही नव्हतं.

"सर, दुसरी कधी मारता?"

तो म्हणाला, वॉकर धरून अंगणात चालत होतो, पहिली वाजली तसा थांबलोय, फोनपुरता तेवढा हात हलवला. "पाय लई कापून राहिले सर. पण ह्या बारीला तुम्ही सोडल्याबगर न्हाई हलणार."

मी जब्बारभाईंना हात केला, बस परत न्या म्हणून. ते काहीतरी बडबडत निघून गेले. बस रस्त्याला लागून दिसेनाशी झाल्यावर मी फोन तोंडाजवळ धरला आणि शिट्टी मारली. समोर पोरांचे पाय खाली आले. फोनमध्ये वॉकर पुढे टेकल्याचा आवाज आला.

बसला काही झालं नाही. जब्बारभाई दुपारी दुसरं भाडं घेऊन लातूरलाच जाऊन आले, सुखरूप. पोरांचं वर्ष गेलं. पालक जाब विचारायला आले, चौघांनी पोरं काढून घेतली. त्यांना काय सांगणार होतो? तुमच्यापैकी कुणाला सुचत असेल तर सांगा, मी हसणार नाही.

एकच गोष्ट सारखी डोक्यात फिरते. प्रत्येक वेळी पहिलीच शिट्टी वाजली. दुसरी कधीच वाजली नाही. लातूरच्या मॅचला आणि नंतर प्रॅक्टिसमध्ये मीच ओरडून पोरांना हलवलं होतं, मार्चमध्ये त्यांना हलवलं ते गोलपोस्ट पडल्याच्या आवाजाने, आणि या वेळी माझ्या शिट्टीने. ज्याने थांबवलं, त्याने अजून सोडलेलं नाही.

बालाजी आता काठी घेऊन चालतो. दर रविवारी त्याचा फोन येतो. शेवटी हटकून विचारतो, "सर, त्यानं सोडलं ना आपल्याला?"

मी हो म्हणतो. काहीही झालं तरी खरं सांगायचं, हा नियम माझाच होता.