दाराबाहेरचे बूट

सोमवार ते शुक्रवार ग्लासगोत कोडिंग आणि वीकेंडला राखीव सैनिक, असा तेव्हा माझा थाट होता. एकदा सरावात, उत्तर किनाऱ्यावर गस्त घालता घालता, आमची तुकडी मेंढपाळाच्या रिकाम्या खोपटात दबा धरून बसली. शत्रू झालेली दुसरी तुकडी आमच्या मागावर होती. मी मात्र सवयीनं बूट दाराबाहेर काढून ठेवले होते, तेही नीट जोडीनं! सार्जंटच्या ते लक्षात येईपर्यंत शत्रूचा एक सैनिक दारात हजर. चिखलानं बरबटलेल्या बुटांनिशी तो खुशाल आत शिरतोय हे बघून माझं डोकंच सटकलं.

"शूज ऑफ!" मी खेकसले.

तो बिचारा "सॉरी" म्हणत लेस सोडायला वाकला आणि सार्जंटनं त्याला तिथंच कैद केलं.