शेवटचं पान आधी

मी नाशिक रोड सोडलं त्या सकाळी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्टेशनवरच्या स्टॉलवरून माझंच पुस्तक विकत घेतलं. घरी त्याचा गठ्ठा पडलेला होता, तरीही. गाडीला अवकाश होता. त्यांनी उभ्याउभ्या शेवटचं पान उघडलं, वाचलं आणि म्हणाले, "डॉक्टर होय! बरं झालं. आता निवांत वाचतो."

तेव्हा मी महिन्याला एक रहस्यकथा पाडायचो. पातळ कागद, मुखपृष्ठावर सुरा. अण्णा आधी शेवट वाचतात याचा मला राग यायचा. "अरे, खुनी माहीत असला की माणसं नीट दिसतात," असं त्यांचं म्हणणं.

मुंबईत आधी हिंदी मालिका लिहिल्या, आता वेब सिरीज. रायटर्स रूममध्ये मराठीत विचार करतो, हिंदीत भांडतो, इंग्रजीत टाइप करतो. प्लॅटफॉर्म म्हटलं की पूर्वी अण्णांचा हलणारा हात आठवायचा. आता प्लॅटफॉर्म म्हणजे सिरीज दाखवणारी कंपनी, ज्यांच्या एका फोनवर खुनी बदलतो ते लोक.

पुढचं आपल्या नाशिक रोडच्या कॉलनीतल्या तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांच्यासाठी लिहितो. मागच्या सिरीजच्या वेळी अण्णा फोनवर म्हणाले, "खुनी कोण, मला तरी सांग." कुणाला सांगणार नाही असं मी कंपनीला लिहून दिलं होतं. तरी सांगितलं: मेव्हणा. अण्णांनी मैदानातल्या बाकावर सगळ्या रिटायर्ड मंडळींना ऐकवलं, "पोरानं खास मला सांगितलंय."

मग मेव्हण्याचं काम करणारा नट पुढच्या सीझनलाही हवा, असा प्लॅटफॉर्मचा फोन आला. एका दुपारीत मी खून नर्सच्या गळ्यात घातला. अण्णांना कळवायचं विसरलो, असं म्हटलं तर खोटं होईल. उद्या सांगू, उद्या सांगू करत राहिलो.

शेवटचा एपिसोड आला आणि तुमच्यापैकीच कुणीतरी बाकावरून हाक मारली, "काय अण्णा, तुमचा मेव्हणा सुटला की! पोरगं बापालाही थापा मारतं का?" थट्टाच होती, मला ठाऊक आहे. पण अण्णांजवळ राहणारी माझी वहिनी सांगते, त्या दिवसापासून ते संध्याकाळी बाहेर बसत नाहीत. गुडघा दुखतो म्हणतात.

मी फोन केला. "अण्णा, ऐन वेळी बदललं हो."

"कामात होतं असं."

"नव्या सिरीजचा खुनी सांगू? या वेळी पक्का आहे."

"नको." मग म्हणाले, "तू कधी येतोस तेवढं सांग. तेही बदलणार असेल, तर राहू दे."

मी कॅलेंडर उघडलं. सगळे चौकोन मीटिंगांनी भरलेले. "बघतो," म्हणालो.

अण्णा हळूच हसले. हे पान त्यांनी आधीच वाचलेलं होतं.

आणि तरीही पुढच्या रविवारी, पहिल्याच रिंगला, त्यांनी फोन उचलला. शेवट माहीत असूनही मला ऐकून घेणारं माणूस. घर म्हणजे माझ्याकडे आता तेवढंच उरलंय.